दारावरचा साक्षीदार

पूर्वीं ठाण्यास नौपाड्यांत, कल्याणास पारनाक्यावर किंवा डोंबिवलीस रामनगरांत घर राखण्यासाठीं कांहीं निराळी योजना करावी लागत नसे. ओट्यावर आजोबा बसलेले असत, माजघरांतून आजीचे कान दाराकडे लागलेले असत, आणि परका मनुष्य अंगणांत शिरला कीं "कोण पाहिजे?" हा प्रश्न चार तोंडांतून एकदम निघे. आतां ओटा गेला व अंगणहि गेलें. सकाळच्या लोकलनें कर्तीं माणसें मुंबईच्या कचेऱ्यांकडे निघून जातात. एखादा मुलगा पुण्यास, एखादा अमेरिकेंत असतो. मागें राहतात वृद्ध आईबाप, शाळेंतून परतणारीं मुलें आणि बंद दार. ओट्यावरील आजोबांचें काम म्हणूनच भिंतीवरच्या काचेच्या डोळ्याकडे आलें आहे.

हा डोळा, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरा, बहुतेक इमारतींत बसला आहे आणि घरोघर बसत आहे. परंतु त्याजबरोबर एक भ्रमहि विकत घेतला जातो. तो असा कीं, कॅमेरा म्हणजे पहारेकरी. पहारेकरी चोराचा हात धरतो. कॅमेरा तसें कांहीं करीत नाहीं. तो पाहतो आणि स्मरणांत ठेवतो. तो साक्षीदार होय. आमच्या परिचयाच्या एका इमारतींत जिन्याखालून सायकल चोरीस गेली. आठ कॅमेरे होते व पडद्यावर आठहि चित्रें स्वच्छ दिसत होतीं. मागील रात्रीचें चित्रण पाहूं गेल्यावर मात्र कळून आलें कीं, रेकॉर्डरमधील हार्डडिस्क कित्येक महिन्यांपूर्वींच बंद पडली होती. डोळे उघडे होते, स्मृति नव्हती. म्हणून साक्षीदाराची पारख जशी करावयाची तशीच या यंत्राची करावी, असें आम्ही सुचवितों.

त्याला चेहरा दिसला पाहिजे

विकत घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न 'किती कॅमेरे?' हा नव्हे, तर 'काय दिसावयास हवें?' हा होय. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें चित्र आडवें १९२० ठिपक्यांचें असतें. अनोळखी मनुष्याची ओळख पटावी इतका चेहरा स्पष्ट हवा असेल, तर दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीस २५० ठिपके मिळावे, असें आंतरराष्ट्रीय मानक सांगतें. माहितीचा मनुष्य ओळखण्यास १२५ पुरतात आणि 'कोणीतरी आहे' एवढेंच समजण्यास २५. आतां भागाकार करावा. १९२० ला २५० नीं भागिलें असतां सुमारें साडेसात मीटर येतात. दृश्य याहून रुंद झालें कीं चेहरा पुसट झालाच.

२.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा सुमारें शंभर अंशांचें विस्तृत दृश्य घेतो. म्हणून त्यांत ओळख पटण्याजोगा चेहरा तीन मीटरच्या आसपासच मिळतो. दारापुढील लहानशा मोकळ्या जागेस तो उत्तम. फाटकाकडे रोखावयाचा असेल तर ६ मिलिमीटरचें भिंग घ्यावें. त्याचें दृश्य अरुंद, पण सात-आठ मीटरांवरील चेहरा त्यांत ओळखूं येतो. एकाच कॅमेऱ्यानें सर्व आवार दाखवूं म्हणणाऱ्या विक्रेत्यास हा भागाकार करावयास सांगावें.

कॅमेरा फार उंच बसविला तर टोपी व टक्कल दिसतें, मुख दिसत नाहीं. आठ फुटांच्या आसपासची उंची बरी. दाराच्या आंतून बाहेरच्या उन्हाकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यास येणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर दिसतो. अशा जागीं प्रकाशाची विषमता सांवरून घेणारा, ज्यास डब्ल्यूडीआर म्हणतात तो गुण असलेला कॅमेरा मागून घ्यावा.

यंत्रांचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला, जाड कोॲक्सिअल तारेचा व डीव्हीआर रेकॉर्डरचा. जुन्या इमारतींत तारा आधींच असतील तर हाच सोयीचा. दुसरा नेटवर्कचा, एनव्हीआर रेकॉर्डरचा. यांत एकाच तारेंतून वीज व चित्र दोन्ही नेतां येतात, मात्र तारेची लांबी १०० मीटरांच्या आंत असावी. नव्यानें तारा घालणाऱ्या इमारतीनें हा घ्यावा. तिसरा वाय-फायवर चालणारा, पोटांतच मेमरी-कार्ड असलेला. एकट्या बिऱ्हाडाच्या दारास तो पुरतो, परंतु चोरानें कॅमेराच उचलून नेला तर साक्षहि त्याजबरोबर जाते.

त्याची स्मृति शाबूत असली पाहिजे

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा नव्या एच-२६५ पद्धतीनें सेकंदास सुमारें २ मेगाबिट लिहितो असें धरलें, तर एका दिवसांत २१.६ गिगाबाईट होतात. चार कॅमेऱ्यांचे दररोज ८६ झाले. म्हणजे एक टेराबाईटची डिस्क अकराव्या-बाराव्या दिवशीं भरते आणि यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवें लिहूं लागतें. मे महिन्याच्या सुट्टींत कुटुंब तीन आठवडे कोंकणांत जाणार असेल, तर दोन टेराबाईटांहून कमी डिस्क घेऊं नये. ती रात्रंदिवस लिहिण्यासाठीं बनविलेल्या जातीची असावी. चालू चित्र दिसतें म्हणून चित्रण होतेंच आहे असें मानूं नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आठ दिवसांपूर्वींचें चित्रण उघडून पाहावें. हें काम घरांतील शाळकरी मुलावर सोंपविल्यास तो तें आनंदानें करील.

घड्याळहि त्याच वेळीं पाहावें. वीज गेल्यावर तारीख वारंवार चुकत असेल, तर रेकॉर्डरमधील नाण्याएवढा सेल संपला आहे असें समजावें. वेळ चुकीची सांगणाऱ्या साक्षीदारास उलटतपासणींत कोण वाचविणार?

विजेचाहि विचार केला पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळवा-पडघे वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई व ठाण्याचा मोठा भाग कित्येक तास अंधारांत गेला. अशा वेळीं कॅमेरे, रेकॉर्डर व इंटरनेटचा राउटर हीं तिन्ही बॅटरीच्या आधारावर असतील तरच डोळा उघडा राहतो. रेकॉर्डर तळमजल्यावरील वॉचमनच्या खोलींत जमिनीलगत ठेवण्याची चाल तर सर्वस्वीं वाईट. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर विसरलेले नाहींत, आणि २०१९ च्या जुलैंतहि उल्हास नदीचें पाणी सखल वस्त्यांत शिरलें होतें. यंत्र वरच्या मजल्यावर व कुलुपांत असावें.

बिघाड कसा शोधावा

बिघाड झाल्यावर एकदम तंत्रज्ञास बोलावण्यापूर्वीं आमच्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो: काय असतां दोष दिसतो आणि काय नसतां दिसत नाहीं, हें पाहावें.

पहिला प्रश्न: घरच्या पडद्यावर चित्र दिसतें काय? घरीं दिसतें व परगांवच्या मुलाच्या मोबाईलवर दिसत नाहीं, तर कॅमेरा निर्दोष असून दोष इंटरनेटच्या वाटेंत आहे. राउटर एक मिनिट बंद करून पुन्हां चालू करावा; रेकॉर्डरपासून राउटरपर्यंतची तार घट्ट बसली आहे कीं नाहीं तें पाहावें. वाय-फायचा पासवर्ड कोणी बदलला असेल तर कॅमेऱ्यास तो नव्यानें सांगावा लागतो. शिवाय पुष्कळसे वाय-फाय कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालतात, ५ च्या नाहीं. चित्र अडखळत येत असेल तर मोबाईलमध्यें कमी प्रतीचें चित्र निवडावें. पाहावयास तें पुरे, मूळ चित्रण उत्तमच राहतें.

घरींहि दिसत नसेल तर दुसरा प्रश्न: एकाच कॅमेऱ्याचें चित्र गेलें कीं सर्वांचीं? सर्वांचीं गेलीं तर वीजपुरवठ्याच्या पेटीवर किंवा रेकॉर्डरवर संशय घ्यावा. एकाचेंच गेलें तर त्याची तार शेजारच्या चालू कॅमेऱ्याच्या जागीं रेकॉर्डरला लावून पाहावी. चित्र आलें तर रेकॉर्डरचें पहिलें छिद्र बिघडलें. न आलें तर दोष तारेंत, जोडणींत किंवा कॅमेऱ्यांत. पावसाळ्यानंतर उघड्या जोडण्यांवर गंज चढतो. हा दोष अत्यंत सामान्य आहे.

दिवसा ठीक चालणारा कॅमेरा रात्रीं बंद पडत असेल, तर त्यास वीज कमी पडते असें बहुधा समजावें. कारण अंधारांत त्याचे अवरक्त दिवे लागतात व विजेची मागणी वाढते. तार फार लांब व बारीक असली किंवा ॲडॉप्टर जुना झाला कीं असें होतें. रात्रीं सर्व चित्र पांढुरकें व धुरकट येत असेल, तर काचेवरची धूळ आणि कोळ्याचें जाळें मऊ फडक्यानें पुसावें. तंत्रज्ञाचें येणें पुष्कळदां एवढ्यानेंच वांचतें.

तो फितूर होतां कामा नये

जो कॅमेरा आपणांस अमेरिकेंतून पाहतां येतो, तो नीट न राखल्यास परक्यासहि पाहतां येतो. २०१६ सालीं मिराय नांवाच्या दुष्ट प्रणालीनें कारखान्यांतून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर आपल्या ताब्यांत घेतले, आणि त्यांच्याच बळावर त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. २०२५ सालीं तर राजकोट येथील एका प्रसूतिगृहांतील स्त्रियांच्या तपासणीचें चित्रण चोरून इंटरनेटवर विकलें गेल्याचें उघडकीस आलें. हें वाचून ज्याच्या अंगावर कांटा येईल त्यानें आजच आपला पासवर्ड बदलावा.

पासवर्ड लांब व निराळा असावा आणि तो घरच्या मुख्य मनुष्यापाशीं लिहून ठेवावा. कॅमेरे बसविणाऱ्याजवळच तो राहूं देणें म्हणजे घराची किल्ली सुताराकडे ठेवण्यासारखें आहे. काम संपतांच तो मागून घेऊन बदलावा. बाहेरून पाहतां यावें म्हणून राउटरची बंद द्वारें उघडूं म्हणणाऱ्यास नकार द्यावा, आणि यंत्राची प्रणाली वेळोवेळीं अद्ययावत करावी. ९ एप्रिल २०२५ पासून भारतांत विकावयाच्या कॅमेऱ्यांस सुरक्षिततेची शासनमान्य चाचणी केंद्र शासनानें बंधनकारक केली आहे. खरेदीच्या वेळीं त्याविषयीं विचारावें व पक्की पावती घ्यावी.

त्याची साक्ष ग्राह्य ठरली पाहिजे

चित्रण हातीं आलें म्हणजे सर्व झालें असें नाहीं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला काय, हा वाद न्यायालयांत गेला व निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रण पुराव्यास पुढें आलें. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नांवाच्या त्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं स्पष्ट केलें कीं, मूळ यंत्र हजर न करितां चित्रणाची प्रत द्यावयाची तर तिजबरोबर कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र हवें. १ जुलै २०२४ पासून हीच गोष्ट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्यें आहे. म्हणून चोरी होतांच डिस्कवर नवें लिहिलें जाण्यापूर्वीं त्या वेळेचें चित्रण निराळें काढावें, मूळ यंत्रांतील पुसूं नये, आणि पोलिसांत तक्रार देतांना यंत्राची माहिती सांगावी. तें चित्रण प्रथम इमारतीच्या व्हॉट्सॲप मंडळींत वांटणें मात्र शहाणपणाचें नव्हे.

त्यानें कोठें पाहूं नये

शेवटचा मुद्दा एकत्र कुटुंबांस विशेष लागू आहे. हा साक्षीदार दाराबाहेर बसवावयाचा आहे, घरच्या माणसांवर नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकमतानें ठरविलें. कलकत्त्यास एकाच घरांत राहणाऱ्या दोन भावांपैकीं एकानें निवासाच्या भागांत कॅमेरे लाविले, तेव्हां दुसऱ्याच्या संमतीवांचून ते चालूं ठेवतां येणार नाहींत असा निर्णय तेथील उच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला, आणि त्यावरील दाद सर्वोच्च न्यायालयानें मान्य केली नाहीं. कायदा दूर ठेवला तरी मर्यादा म्हणून कांहीं आहेच. आजारी आईच्या खोलींत कॅमेरा हवा असें परदेशस्थ मुलास काळजीनें वाटणें साहजिक आहे. परंतु त्यानें प्रथम आईस विचारावें, ती 'नको' म्हणाली तर तो विषय तेथेंच संपवावा, आणि 'हो' म्हणाली तर चित्र कोणकोण पाहणार हें तिला सांगावें. सुनेच्या स्वयंपाकघरावर किंवा मोलकरणीच्या पाठीवर डोळा रोखल्यानें घर सुरक्षित होत नाहीं. विश्वास मात्र उणा होतो. शेजाऱ्याच्या दारांत डोकावणारा कॅमेराहि वळवून घ्यावा, आणि सामायिक जिन्यांत लावण्यापूर्वीं सोसायटीची संमति घ्यावी.

एवढें सर्व यथासांग केलें तरी एक उणीव राहतेच. सातासमुद्रांपलीकडील मुलानें पडद्यावर आई पडलेली पाहिली, तर त्याला धांवून येतां येत नाहीं. त्यानें कोणास हांक मारावयाची, हें आधींच ठरलेलें असलें पाहिजे. शेजारच्या बिऱ्हाडापाशीं एक किल्ली, वॉचमनचा व जवळच्या वैद्यांचा नंबर, पोलिसांचा ११२, एवढें एका कागदावर लिहून दोन्हीं घरीं ठेवावें. साक्षीदार बाजारांत मिळतो; धांवून येणारा शेजारी मात्र जोडावा लागतो. ज्यांस कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यांनीं तो अवश्य घ्यावा, परंतु तो बसविण्याच्या दिवशीं समोरच्या दाराची कडी वाजवून शेजाऱ्यांस चहास बोलवावें, एवढीच आमची विनंति आहे.