माणदेशातील जळणाचे लोकज्ञान आणि शाश्वत लाकूड-ऊर्जा : म्हसवड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड हे माणगंगेकाठचे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. दाट वन नसतानाही या परिसरातील चुली पिढ्यान्‌पिढ्या लाकडावर पेटत आल्या आहेत. त्यामागचे ज्ञान प्रामुख्याने स्त्रिया व मेंढपाळ यांच्याकडे आहे; ऊर्जानियोजनात मात्र त्याची नोंद क्वचितच झाली. या दुर्लक्षाचे परिणाम प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत.

जळणाचा उगम :
१९७५ मध्ये एरिक एकहोम यांनी सरपणटंचाईला 'दुसरे ऊर्जासंकट' म्हटले. त्या काळच्या आकडेमोडीत सरपण म्हणजे वनतोड असेच बहुधा गृहीत धरले जाई. माणदेशात बांधावरची बाभूळ जळणासाठी सहसा मुळातून तोडत नाहीत, ती सवळतात. पाला व शेंगा शेळ्यामेंढ्या खातात, काटेरी डहाळ्यांचे कुंपण होते, उरलेल्या फांद्या चुलीकडे जातात आणि खोड पुन्हा फुटते. अर्थात, येथे सरपण हे बऱ्याच अंशी चाऱ्यामागून येते. केवळ जळणासाठी आखलेली वृक्षलागवड अशा ठिकाणी शेतकऱ्यास परकी वाटल्यास नवल नाही.

चूल आणि भाकरी :
खरी अडचण चुलीपाशी येते. तुराटी चटकन पेटते, तिच्या जाळाने तवा तापतो. पण तिचा निखारा टिकत नाही. बाभळीचा आर दीर्घकाळ राहतो. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी याच आरावर फुगवतात, तर शेजारच्या वैलावर उरल्या उष्णतेत कालवण शिजते. कोणते लाकूड केव्हा सारावे, हे गृहिणीस अनुभवाने ठाऊक असते.

१९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. चुलीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत पाणी तापवून मोजली जात असे. पाणी तापण्यास आर लागत नाही! अरुंद तोंडाची चूल या कसोटीस उतरते. परंतु तीत लांब फांद्या जात नाहीत, आर पुढे ओढण्यास जागा उरत नाही. धुराड्यांची निगा न राखली जाणे हेही अनेक चुली बंद पडण्याचे कारण होतेच.

लोकज्ञान सर्वज्ञ आहे, असे येथे सुचवायचे नाही. धुराने छपराचे वासे किडत नाहीत हे त्यास ठाऊक आहे. त्याच धुराने स्त्रियांच्या फुप्फुसांची होणारी हानी मात्र वैद्यकानेच दाखवून दिली.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये ग्रामीण भारतातील सुमारे ४३ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. त्यामुळे लाकडाच्या चुलीत सुधारणा करण्याचे काम संपलेले नाही. पाण्याऐवजी स्थानिक पदार्थ शिजवून चूल तपासण्याची पद्धतही आता प्रचलित आहे. माणदेशात ही तपासणी करताना ज्वारी-बाजरीची भाकरी, सवळलेल्या बाभळीचे सरपण आणि रोज चूल पेटवणारी स्त्री, या तिन्हींचा समावेश करावा लागेल.