धातू ओतणारा धातू



मराठीत 'धातू' दोन ठिकाणी भेटतो : व्याकरणात आणि भट्टीत. आज ज्या धातूविषयी बोलायचे आहे, त्याचा संबंध दोन्हींशी आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून फिरताना पाटीमागून पाटीवर 'फौंड्री' हा शब्द दिसतो. कोल्हापूरकरांच्या जिभेवर तो इतका रुळला आहे, की तो कोठून आला हे विचारावेसेही वाटत नाही. तो इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ क्रियापद 'फुन्देरे'. त्याचा वाच्यार्थ ओतणे, आणि त्यावरून धातू वितळवून साच्यात ओतणे.

लाक्षणिक अर्थाकडे वळण्यापूर्वी ही क्रिया नीट पाहू. बिडाचा रस तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसला साच्यात ओततात. धार मध्येच तुटली, किंवा दोन बाजूंनी आलेले प्रवाह मिळण्याआधी निवले, तर ते एकजीव होत नाहीत. ओतीव नगावर सांध्याची रेघ राहते आणि नग भंगारात जातो. म्हणजे ओतण्यात तीन गोष्टी आल्या : मूळ आकार सोडणे, वाहणे आणि एक होणे.

फुन्देरेचे लाक्षणिक अर्थ या तिन्हींतूनच निघाले. शत्रूची फौज उधळून लावली, की रोमन लोक ती 'ओतली' असे म्हणत, कारण सांडलेल्या पाण्याला आकार उरत नाही. आपण तेच चित्र धान्याने रंगवतो आणि 'दाणादाण' म्हणतो. भराभर पद्ये रचणारा कवी त्यांच्या भाषेत पद्ये 'ओतत' असे. हा वाहण्याचा अर्थ. उपसर्ग लागले, की कुटुंब आणखी वाढते. मागे ओतणे म्हणजे रिफंड. एका पात्रातून दुसऱ्यात ओतणे म्हणजे ट्रान्सफ्यूजन, जे आज रक्ताच्या संदर्भात ऐकू येते. आणि भिन्न वस्तू एकत्र ओतून ओळखू येईनाशा होणे म्हणजे कन्फ्यूजन. छापखान्यातला 'फॉन्ट'ही मुळात ओतलेल्या खिळ्यांचा संच.

हे सारे परक्यांचे घर आहे असे मात्र समजू नका. संस्कृतातील 'हु', म्हणजे अग्नीत हवि ओतणे, हा फुन्देरेचा सख्खा नातलग आहे. होम, हवन, आहुती हे शब्द त्याचेच. देशासाठी प्राणांची आहुती देणे हाही ओतण्याचाच लाक्षणिक अर्थ झाला.

येथे एक इशारा दिला पाहिजे. 'ओतप्रोत' हा शब्द ओतण्यावरून आला असे सहज वाटते. पण तो विणकराचा आहे. ताण्याबाण्यासारखे आडवेउभे विणलेले ते ओतप्रोत. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, की हे विश्व कशात ओतप्रोत आहे, तेव्हा तिच्यासमोर माग आहे, भट्टी नव्हे. केवळ नादसाम्यावर विसंबले, तर तेही एक कन्फ्यूजनच!

लाक्षणिक अर्थ कवीच्या कल्पनेतून निघतात असे आपण मानतो. वस्तुतः त्यांचा साचा हातांच्या कामात घडतो. 'जीव ओतून काम केले' असे आपण सहज बोलून जातो. ती धार तुटू न देणे म्हणजे काय, हे भट्टीशी उभ्या असलेल्या ओतकाम्याला ठाऊक असते. त्याचे काम आपण विसरलो, तर शब्द कोशात राहील, पण त्यातील ऊब निवून जाईल.