भौतिकशास्त्र ऑलिंपियाड : क्लास नाही म्हणून मागे हटू नका

अकरावी-बारावी सायन्सला असलेल्या आपल्या मुलामुलींच्या कानावर कॉलेजात ‘ऑलिंपियाड’ हा शब्द पडतो. घरी विषय निघाला की पहिला प्रश्न क्लासच्या फीचा. आकडा ऐकून वडील गप्प होतात, आई पतपेढीच्या कर्जाचं बघू म्हणते, आणि शेवटी मूलच म्हणतं, “जाऊ द्या, ते आपलं काम नाही.” पालकहो, घाईने कर्ज काढू नका आणि परीक्षाही सोडू नका. आधी ती समजून घ्या.

आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड १९६७ साली वॉर्सा येथे सुरू झाले. भारत त्यात १९९८ पासून उतरतो. २०१५ साली ते मुंबईत भरले होते. २०१८ साली लिस्बन येथे भारताच्या पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके मिळवली. देशाचा हा पाच जणांचा संघ निवडणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या मानखुर्दला आहे.

पेपर कसा असतो?

पहिली पायरी म्हणजे भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना आयएपीटी नोव्हेंबरात घेते ती परीक्षा. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच, फक्त प्रश्न विचार करायला लावणारे. अलीकडच्या पद्धतीनुसार दोन तासांत ६० प्रश्न असतात. पहिल्या ४८ प्रश्नांत एकच पर्याय बरोबर असतो : बरोबर उत्तराला ३ गुण, चुकले तर १ गुण वजा. चारही पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने हाती शून्यच येते. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे ओळखता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात फायदा आहे. अशा चार प्रश्नांत दोन बरोबर, दोन चूक आले तरी चार गुण पदरात पडतात. शेवटच्या १२ प्रश्नांना प्रत्येकी ६ गुण असून तेथे गुण वजा होत नाहीत. म्हणून त्यातला एकही कोरा सोडू नये.

अभ्यास कसा करावा?

आधी पाठ्यपुस्तक. सूत्र पाठ करण्यापूर्वी ते कुठून आले हे वही बंद करून स्वतः मांडून पाहावे. मग एच. सी. वर्मा यांच्या पुस्तकातली गणिते करावीत. ती ग्रंथालयात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळू शकतात. जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट आहेत. घड्याळ लावून सोडवाव्यात आणि चुकांची वेगळी वही ठेवावी. गणित अडले तर लगेच उत्तर न पाहता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

घरातली प्रयोगशाळा

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात. त्याची सवय घरातच लावता येते. एक मीटर दोऱ्याला मोठा नट बांधून खिळ्याला टांगा. लांबी खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजा. लहान झोका द्या. जाऊन परत येणे म्हणजे एक झोका. असे २० झोके मोबाइलच्या घड्याळावर मोजले तर सुमारे ४० सेकंद लागतात, म्हणजे एका झोक्याला २ सेकंद. सूत्रात घाला : गुरुत्वत्वरण पुस्तकातल्या ९.८ च्या जवळ येते. आता वीस झोके का? बोट दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एका झोक्यात ती शेकडा दहा होते. वीस झोक्यांत शेकडा अर्धाच. मापनातली चूक कशी कमी करावी, हा धडा असा एका दोऱ्यावर शिकता येतो.

पालकांनी काय करावे?

नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते. मुलाला किंवा मुलीला कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांकडे अथवा मॅडमकडे जुलैतच विचारायला पाठवा. रोज संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद ठेवा आणि त्या वेळेत पाणी भरायला, दुकानात जायला त्यांना उठवू नका. मुलीला तर नक्कीच नाही.

संघात पाचच जण जातात. बाकीच्यांचा अभ्यास वाया जात नाही. सीईटी आणि जेईईला तोच कामी येतो. निवड होवो न होवो, पेपरला बसण्याआधीच “ते आपलं काम नाही” हे वाक्य मात्र आपल्या घरात पुन्हा उच्चारले जाऊ नये.