भांड्याच्या बुडाशी नाव कोणाचे?

मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनात जाणकार ग्राहक ओळखणे सोपे असते. भांडे हाती घेताच तो ते उलटे करतो आणि बुडाशी सही वा ठसा शोधतो. हाताने घडविलेल्या भांड्यावर कुंभाराने नाव घालावे की नाही, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

नाव नको, ही बाजू ठामपणे मांडली ती जपानी विचारवंत सोएत्सु यानागी यांनी. १९२५ मध्ये त्यांनी शोजी हामादा व कान्जिरो कावाई या कुंभारांसह ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, ही संज्ञा रूढ केली. रोजच्या वापरासाठी अनाम कारागिराने घडविलेल्या वस्तूत सहज सौंदर्य असते. नावाबरोबर अहंकार शिरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हामादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे बर्नार्ड लीच यांच्यासमवेत भट्टी उभारली, तेव्हा ते भांड्यांवर आपला ठसा उमटवीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी तो सोडला. तरीही ते अनाम राहिले नाहीत. त्यांच्या भांड्यांच्या लाकडी पेट्यांवर त्यांची सही असे आणि १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान दिला.

नाव घालण्याची प्रथाही आजची नव्हे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या एक्सेकियासने आपल्या कुंभांवर स्वतःचे नाव लिहिले. इटलीतील अरेझोच्या कारखान्यांचे ठसे असलेली तांबडी भांडी समुद्रमार्गे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूपर्यंत आली. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा याच भांड्यांच्या आधारे त्या स्थळाचा काळ ठरविता आला.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनाच्या डेव्हिड ड्रेक या गुलाम कुंभाराच्या बाबतीत तर सहीचे मोल आणखी वेगळे आहे. गुलामांना लिहावयास शिकविणे तेथे १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. तरीही ड्रेक ओल्या मातीवर ‘डेव्ह’ हे नाव, तारीख आणि प्रसंगी दोन ओळींचे पद्यही कोरीत असे. त्या रांजणांवर मालकी दुसऱ्याची होती. परंतु घडविणारा कोण, हे पुसता आले नाही. २०२५ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने त्याच्या दोन रांजणांवरील वंशजांचा हक्क मान्य केला. रांजणांवर नाव नसते, तर हा हक्क सांगणे किती कठीण झाले असते!

आपल्याकडे जयपूरची निळी भांडी आणि खुर्जाची भांडी यांना भौगोलिक निर्देशांक लाभला आहे. त्यामुळे गावाच्या नावाला संरक्षण मिळते, कारागिराचे नाव मात्र अज्ञातच राहते. धारावीच्या कुंभारवाड्यातील पणती घरोघरी पोहोचते, ती कोणाच्या हातची हे घेणाऱ्यास ठाऊक नसते.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. कुंभाराचे काम बहुधा साऱ्या कुटुंबाचे असते. माती एक मळतो, चाकावर दुसरा बसतो, रंगकाम घरातील स्त्रिया करतात. मग सही कोणाची? सेंट आइव्हजने यावर व्यवहार्य तोड काढली होती. सर्वांनी मिळून केलेल्या नेहमीच्या भांड्यांवर केवळ कार्यशाळेचा ठसा असे. लीच यांनी स्वतः घडविलेल्या भांड्यांवर त्यांची आद्याक्षरेही असत. आपल्या कुटुंबांनाही घराचा असा एक ठसा ठेवता येईल.

त्यास खर्चही नगण्य. माती अर्धवट सुकली की बुडाशी ठसा दाबावयाचा. भट्टीतून निघाल्यावर तो कायमचा होतो. भांड्याचे रूप त्याने बिघडत नाही, कारण तो दिसतो भांडे उलटे केल्यावरच.

अनाम राहणे हामादांना शोभले, कारण त्यांचे नाव आधीच जगाला ठाऊक होते. ज्याचे नाव कोणी विचारलेच नाही, त्याच्या बाबतीत मात्र अनामिकता हा विनय नसून निरुपाय असतो. नाव न घालण्याचा निर्णयही कुंभाराने स्वतः घेतलेला असावा, एवढे तरी मान्य व्हावयास हरकत नाही.