दूरस्थ पदवीचा खरा हिशेब

उच्च शिक्षणाविषयीच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात ४ कोटी १३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी ४५ लाख ७१ हजार दूरस्थ शिक्षण घेणारे होते. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे एकाला रोज महाविद्यालयात जाण्याची सवड नव्हती, ऐपत नव्हती किंवा मुभा नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे; २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्के होते. उरलेले अंतर केवळ नव्या इमारती बांधून कापता येणार नाही, हे धोरणकर्त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे दूरस्थ शिक्षणाचे गुणगान सर्वत्र ऐकू येते. परंतु या शिक्षणाचा खर्च नेमका कोण, कसा आणि किती उचलतो, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते.

या प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, अशी ती रचना होती. लंडनने १८५८ मध्ये कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्या उमेदवारालाही परीक्षेचे दार उघडले. आपल्याकडे पुढे ‘बहिःस्थ विद्यार्थी’ हा शब्द रूढ झाला. या शब्दातच एक भूमिका दडली आहे. विद्यार्थी ‘बाहेर’ आहे. विद्यापीठ त्याची परीक्षा घेईल, त्याच्या अभ्यासाची जबाबदारी मात्र त्याची स्वतःची.

स्वातंत्र्यानंतर ही भूमिका काही अंशी बदलली. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत सायंकालीन महाविद्यालये, पत्रद्वारा अभ्यासक्रम आणि बहिःस्थ पदव्या यांचा विचार झाला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू झाली. आज ती ‘स्कूल ऑफ ओपन लर्निंग’ म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रिझर्व्ह बँक, अर्थ मंत्रालय आणि विद्यापीठ अनुदान आयोग सांभाळून आलेल्या या प्रशासकाच्या कारकिर्दीत या संस्थेची पहिली वर्षे गेली, ही बाब मराठी वाचकाला विशेष वाटावी. त्याआधीच, चाळीसच्या दशकात, दिल्ली विद्यापीठाने महाविद्यालयात रोज न येणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले होते. त्याचे वर्ग आजही आठवड्याअखेरीस शहरातील महाविद्यालयांमध्ये भरतात.

पुढचा टप्पा मुक्त विद्यापीठांचा. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८२ मध्ये हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ आले आणि त्याचे कुलगुरू जी. राम रेड्डी यांनाच १९८५ च्या संसदीय कायद्याने दिल्लीत निर्माण झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे ‘इग्नू’चे, पहिले कुलगुरू नेमण्यात आले. १९८७ साली दोन पदविका आणि ४,५२८ विद्यार्थी घेऊन मैदानगढीच्या या विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे नव्वदच्या दशकात ‘इग्नू’चेही कुलगुरू झाले. दिल्लीच्या दूरस्थ शिक्षणाशी महाराष्ट्राचे नाते असे जुने आहे.

तासांचे गणित

दूरस्थ पदवीचा विचार करणारी माणसे बहुधा पहिला प्रश्न शुल्काचा विचारतात. कला शाखेच्या पदवीचे ‘इग्नू’चे वार्षिक शुल्क काही हजार रुपयांच्या घरात आहे. दिल्लीतील खासगी विद्यापीठांच्या तुलनेत ते नगण्य वाटते, आणि म्हणूनच ही पदवी ‘स्वस्त’ ठरवली जाते. परंतु शुल्क हा या पदवीच्या खर्चातील सर्वांत दिसणारा भाग आहे, सर्वांत मोठा नव्हे.

खरा खर्च तासांचा आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात आणि ‘इग्नू’च्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. वाचन, स्वाध्याय, समुपदेशन वर्ग, ध्वनिचित्रफिती असे सारे त्यात धरलेले असते. म्हणजे पदवी ३,६०० तासांची झाली. तीन वर्षांत ती पूर्ण करायची, तर आठवड्याला २३ तास द्यावे लागतील. तीच पदवी सहा वर्षांत, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या कमाल मुदतीत, पूर्ण करायची, तर आठवड्याला साडेअकरा तास पुरतात.

आता हे गणित मानेसरच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या तरुणाला, नोएडाच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या तरुणीला किंवा सोनिपतहून रोज गाडीने दिल्लीला येणाऱ्या कारकुनाला लावून पाहावे. आठ तासांचे काम, अधूनमधून जादा काम, प्रवासाचे दोन-तीन तास आणि घरची कामे झाल्यावर आठवड्याला २३ तास काढणे जवळपास अशक्य असते. साडेअकरा तास निघू शकतात, पण तेही ठरवून. तरीही बहुतेकजण प्रवेश घेताना ‘तीन वर्षांची पदवी’ असाच विचार करतात आणि पहिल्याच वर्षी सारे विषय अंगावर घेतात. गळतीची सुरुवात येथे होते. लवचीकता ही या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी आहे. ती पहिल्या दिवसापासून वेळापत्रकात उतरवली तरच उपयोगी पडते.

दुसरा छुपा खर्च परीक्षेचा. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि त्यांचे शुल्क प्रवेशशुल्काहून वेगळे, विषयागणिक भरावे लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत ३० टक्के गुणभार स्वाध्यायांना आणि ७० टक्के लेखी परीक्षेला असतो. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही निकाल अपूर्ण राहतो. हुकलेल्या प्रत्येक परीक्षेमागे शुल्क पुन्हा, प्रवास पुन्हा आणि बिनपगारी रजा पुन्हा.

सेवेत असताना माझ्या शाखेत एक शिपाई होता. पलवलहून सकाळच्या लोकलने येई आणि गाडीत स्वाध्याय लिही. एका डिसेंबरात त्याच्या दोन परीक्षा संसद अधिवेशनाच्या दिवसांत आल्या. अधिवेशनकाळात रजा द्यायची नाही, हा कार्यालयाचा दंडक. मी शिफारस करूनही त्याची रजा वरून नाकारली गेली. त्या दोन विषयांसाठी त्याचे सहा महिने गेले. तो पाचव्या वर्षी पदवीधर झाला आणि पुढे खात्यांतर्गत परीक्षेलाही बसला. त्याच्या पदवीला किती पैसे लागले, हे कागदावर सांगता येते. ती थांबली, ती मात्र पैशांपायी नव्हे, दोन दिवसांच्या रजेपायी.

शिष्यवृत्तीच्या उंबरठ्याबाहेर

हा खर्च शासन कितपत ओळखते? केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्ती योजनेत दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. बारावीत ८० शततमकाच्या वर असलेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी ती आहे. पण तिची एक अट अशी, की विद्यार्थी नियमित अभ्यासक्रमाचा असावा. पत्रद्वारा वा दूरस्थ पद्धतीने शिकणारा नसावा. म्हणजे तितकेच गुण मिळवलेली, तितक्याच उत्पन्नाच्या घरातली मुलगी वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी करीत शिकू लागली, की ती याच योजनेसाठी अपात्र ठरते. गरज वाढली आणि पात्रता गेली.

याउलट, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्यांना शुल्काची भरपाई आणि पुस्तकांसाठी भत्ता देण्याची तरतूद होती. प्रशासकीयदृष्ट्या हे जमत नाही, असे म्हणता येणार नाही याचा तो पुरावा आहे. ‘इग्नू’ही कारागृहातील बंद्यांना २०१० पासून विनाशुल्क शिकवते. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शुल्कमाफी दिली, ती मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए. करणारी विवाहित स्त्री त्या चौकटीत बसत नाही. दूरस्थ विद्यार्थ्यांत स्त्रियांचा वाटा २०२०-२१ मध्ये सुमारे ४६ टक्के होता, हे लक्षात घेतले की या बहिष्काराचा भार कोणावर पडतो, हे उमगते.

या अटींमागील तर्क समजण्यासारखा आहे. पत्रद्वारा शिक्षणाच्या नावाखाली झालेले गैरप्रकार खरेच आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कठोर निर्णय दिला आणि हजारो नोकरदारांच्या पदव्या एका निकालाने निरुपयोगी किंवा संशयास्पद ठरल्या. तिजोरीतला पैसा अशा ठिकाणी जाऊ नये, ही काळजी रास्त होती. परंतु त्यानंतर नियमन बदलले आहे. २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकच चौकट आणली. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि तो श्रेयांक पेढीशी जोडलेला असतो. म्हणजे विद्यार्थी कोण, तो कोठे शिकतो, संस्थेला मान्यता आहे की नाही, हे शासनाला आज एका नोंदीवरून कळू शकते. नोकरीसाठी पदवी समकक्ष आणि शिष्यवृत्तीसाठी कनिष्ठ, ही विसंगती आता टिकणारी नाही.

श्रेयांकागणिक साह्य

उपाय अवघड नाहीत. पहिला म्हणजे साह्याचे एकक बदलणे. आपल्या शिष्यवृत्त्या ‘वर्ष’ मोजतात. लवचीक पदवी श्रेयांकांत मोजली जाते. वर्षाला ४० श्रेयांक घेणाऱ्याला पूर्ण आणि २० घेणाऱ्याला निम्मी शिष्यवृत्ती, अशी रचना श्रेयांक पेढीमुळे आता शक्य आहे. ब्रिटनचा अनुभव येथे उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली शुल्क मोठ्या प्रमाणात वाढले, अर्धवेळ विद्यार्थ्यांना शुल्कापुरते कर्ज देण्यात आले, तरी त्यांची संख्या झपाट्याने घटली. संसार सांभाळणारा प्रौढ माणूस कर्जाला कचरतो. वेल्सने २०१८ पासून वेगळी वाट धरली. अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही त्यांच्या अभ्यासाच्या प्रमाणात निर्वाहभत्ता देऊ केला आणि तेथे अर्धवेळ नोंदणी वाढली. पुढे इंग्लंडनेही २०२३ मध्ये श्रेयांकांवर आधारित शुल्काचा कायदा केला.

दुसरा उपाय परीक्षा-रजेचा. सरकारी कार्यालये, सार्वजनिक उपक्रम आणि शासकीय कंत्राटदार यांच्याकडील कर्मचाऱ्यांना मान्यताप्राप्त परीक्षेच्या दिवशी भरपगारी रजा देण्यास तिजोरीला फारसा भार पडणार नाही. वर्षातून आठ-दहा दिवसांचा हा प्रश्न आहे.

तिसरा उपाय अभ्यासकेंद्रांचा. छापील पुस्तक, ज्ञानदर्शनसारखी वाहिनी, ‘स्वयम्’सारखा मंच यांवर आपण खर्च केला आणि तो आवश्यकच होता. परंतु अडलेल्या विद्यार्थ्याला हात देतो तो रविवारचा समुपदेशक. त्याचे मानधन आणि केंद्रातील ग्रंथालय यांना अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ हवी. आणि चौथा उपाय पारदर्शकतेचा. प्रत्येक मुक्त विद्यापीठाने प्रवेशसंख्येबरोबरच, सहा वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीधर झाले, हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा. अनुदानाचा काही भाग त्याच्याशी जोडावा. प्रवेशशुल्कावर चालणाऱ्या संस्थेला विद्यार्थी येण्यात रस असतो. तो पदवी घेऊन बाहेर पडावा, यातही तिला रस वाटेल अशी सोय करावी लागते.

तोपर्यंत विद्यार्थ्याने स्वतःचा हिशेब स्वतः मांडलेला बरा. प्रवेशापूर्वी संस्था आणि अभ्यासक्रम दोहोंची मान्यता आयोगाच्या यादीत पाहावी. आठवड्याचे तास मोजून वर्षाचे विषय ठरवावेत. शुल्काइतकीच रक्कम परीक्षा, प्रवास आणि बुडणाऱ्या मजुरीसाठी बाजूला ठेवावी. चार वर्षांत होणारी पदवी सहा वर्षांत झाली, तर त्यात कमीपणा नाही. श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य असतात.

दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केल्याला सहा दशके उलटली. बहिःस्थ विद्यार्थ्याला आपण पाठ्यपुस्तक दिले, दूरचित्रवाणी दिली, मोबाइलवर व्याख्यान दिले. शिक्षणासाठीच्या सार्वजनिक निधीत मात्र तो अजूनही बहिःस्थच आहे. नोंदणीचे ५० टक्क्यांचे उद्दिष्ट ज्याच्या खांद्यावर गाठायचे आहे, त्याला निदान निधीच्या हिशेबात आत घ्यायला हवे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)