गोळी उतरवायची, तोडायची नाही

उंब्रजला हायवेलगत माझं मेडिकल आहे. चाफळ, तारळ्याकडची माणसं कराडला मोठ्या डॉक्टरांना दाखवून परतताना इथे उतरतात. पोराच्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन दिसलं, की शेजारचं गिऱ्हाईक बोलतंच, "स्टिरॉइड हाय ते. नगा देऊ पोराला."

ही गोळी ज्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी देतात, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटते. आतल्या अस्तराला जखमा होतात, रक्त-आव पडते, पोर रात्रीही संडासला उठतं, वजन घटतं. घरचे मूळव्याध समजतात, नाहीतर मुरडा समजून कुड्याच्या सालीचा काढा पाजतात. खरंच अमिबाचा मुरडा असेल आणि वर स्टिरॉइड पडलं, तर आतडं फुटायची वेळ येऊ शकते. म्हणून आधी शौचाची तपासणी आणि दुर्बीण. आपल्याकडे टीबीही बघावा लागतो.

स्टिरॉइडचा गुण आजचा नाही. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी मोठ्या माणसांवर कॉर्टिसोन हे स्टिरॉइड तपासलं. औषध मिळालेल्यांत शंभरात ४१ जणांचा आजार सहा आठवड्यांत शमला, खोटं औषध घेणाऱ्यांत फक्त १६ जणांचा.

मुलांना प्रेडनिसोलोन साधारण किलोमागे एक मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४०, सकाळी खाल्ल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी डोस उतरवत दोन-अडीच महिन्यांत बंद. आजार जोराचा असेल तर दवाखान्यात ठेवून शिरेतून स्टिरॉइड देतात. तिसऱ्या-पाचव्या दिवशी उतार दिसला नाही, तर डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाचा विचार करतात.

या गोळीने तोंड गोल होतं, भूक खवळते, पोर चिडचिडं होतं. "काका, पोरगं सुजल्यागत दिसतंय, आजपासनं बंद करू का?" आया हे विचारतात तेव्हा मी हातातलं काम ठेवतो. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम कमी करतात. गोळी एकदम तोडली तर पोर गळून पडतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. सूज मात्र डोस उतरला की ओसरते.

उलटी चूक जास्त वाईट, आणि ती बापमाणसं करतात. रक्त थांबलं, म्हणून तीच गोळी वर्षभर चालू. त्यात उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. आजार दाबून ठेवायला मेसालाझिनसारखी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतात.

गोळ्या चालू असताना ताप आला किंवा घरात कुणाला कांजिण्या निघाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागायला येऊ नका, ओळखीचे असलात तरी मी देणार नाही.