उष्णताप्रेमी आर्कियांमधील शर्करा-चयापचय

उष्णोदकाचे झरे, ज्वालामुखी प्रदेशांतील चिखलकुंडे व समुद्रतळावरील तप्त जागा यांत सु. ७०° ते १००° से. तापमानास वाढणारे काही आर्किया कार्बन व ऊर्जा मिळविण्यासाठी शर्करांचे विघटन करतात. या विघटनाचे मार्ग इतर जीवांतील मार्गांहून अनेक बाबतींत भिन्न आहेत. आर्किया केंद्रकरहित असले, तरी सूक्ष्मजंतूंहून (बॅक्टेरियांहून) वेगळे आहेत, हे कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रिबोसोमी आरएनएच्या तुलनेवरून दाखविले.

यीस्टपासून मानवापर्यंत बहुतेक जीवांत ग्लुकोजाचे विघटन एम्डेन-मायरहॉफ मार्गाने होते. त्यात ग्लुकोजाच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक संयुगाच्या दोन रेणूंचा निव्वळ लाभ होतो [⟶ चयापचय]. उच्च तापमानात मात्र या मार्गातील ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेटासारखी मध्यस्थ संयुगे अस्थिर असतात.

शर्करांचे ग्रहण : झऱ्यांत मुक्त शर्करा अत्यल्प असतात. स्टार्चासारख्या बहुशर्करांचे कोशिकेबाहेर सोडलेल्या एंझाइमांनी तुकडे होतात. पटलातील वाहक प्रथिने हे तुकडे पकडून एटीपीच्या साहाय्याने आत नेतात. त्यांची शर्करेविषयीची आसक्ती तीव्र असल्याने अतिविरल विद्रावातूनही ग्रहण शक्य होते.

शाखायुक्त एन्टनर-डुडोरॉफ मार्ग : सॅकॅरोलोबस सोल्फाटॅरिकस (पूर्वीचे नाव सल्फोलोबस सोल्फाटॅरिकस) हा इटलीतील नेपल्सजवळच्या ज्वालामुखी क्षेत्रात सापडलेला ऑक्सिजीवी आर्किया सु. ८०° से. तापमानात व तीव्र अम्लीय पाण्यात वाढतो. त्यात फॉस्फेट न जोडताच ग्लुकोजाचे ऑक्सिडीकरण होऊन ग्लुकॉनिक अम्ल बनते. त्यातून पाण्याचा रेणू निघून गेल्यावर केडीजी (किटो-डीऑक्सिग्लुकॉनिक अम्ल) तयार होते. येथे मार्गाला दोन फाटे फुटतात. एका शाखेत केडीजीचे सरळ पायरुव्हिक अम्ल व ग्लिसराल्डिहाइड असे दोन भाग होतात. दुसरीत त्याला आधी फॉस्फेट जोडले जाते व मग ते दुभंगते. दोन्ही शाखांत पायरुव्हिक अम्लापर्यंत एटीपीचा निव्वळ लाभ शून्य असतो. या तोट्याची भरपाई पुढे सायट्रिक अम्ल चक्र व ऑक्सिजनाच्या साहाय्याने होणारे श्वसन यांतून होते.

या मार्गातील एंझाइमे काटेकोर नसतात. ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांत फक्त चौथ्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा भिन्न असते. बहुतेक जीवांत गॅलॅक्टोजासाठी स्वतंत्र एंझाइमे लागतात, तर येथे एकच एंझाइमसंच दोन्ही शर्करांवर कार्य करतो. झायलोज व ॲरॅबिनोज या पाच कार्बनी शर्करांचेही प्रथम ऑक्सिडीकरण व निर्जलीकरण होते. पुढे त्यांपासून ऑक्सोग्लुटारिक अम्ल बनून ते सायट्रिक अम्ल चक्रात शिरते किंवा रेणू दुभंगून पायरुव्हिक अम्ल व ग्लायकोलाल्डिहाइड मिळतात.

बदललेला एम्डेन-मायरहॉफ मार्ग : पायरोकॉकस फ्यूरिओसस हा इटलीच्या व्हल्कॅनो बेटाजवळ सापडलेला अनॉक्सिजीवी आर्किया कार्ल श्टेटर व गेरहार्ड फियाला यांनी १९८६ मध्ये वर्णिला. तो सु. १००° से. तापमानात सर्वांत जोमाने वाढतो व माल्टोज, सेलोबायोज आणि स्टार्च यांवर जगतो. शर्करेला फॉस्फेट जोडताना तो एटीपीऐवजी एडीपी वापरतो. पुढील ऑक्सिडीकरण टंगस्टनयुक्त एंझाइम घडविते. त्यात एटीपी मिळत नाही. परंतु मुक्त झालेली इलेक्ट्रॉने फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडे जातात व शेवटी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हायड्रोजन बनविणारे पटलस्थित एंझाइम त्याच वेळी आयन पटलापलीकडे ढकलून ऊर्जा साठविते. शिवाय ॲसिटिक अम्ल तयार होताना एटीपी मिळते. श्वसनासाठी ऑक्सिजन नसतानाही ही काटकसर त्याला पुरते.

महत्त्व : या आर्कियांची एंझाइमे उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही टिकत असल्याने स्टार्च व वनस्पतिज अवशेषांच्या विघटनासाठी त्यांचा अभ्यास होतो. एश्चेरिकिया कोलाय हा सूक्ष्मजंतू ग्लुकोज संपेपर्यंत झायलोज बहुतांशी वापरत नाही. सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस मात्र दोन्ही एकाच वेळी वापरतो, असे २०११ मध्ये आढळले. वनस्पतींच्या काष्ठमय भागांपासून दोन्ही शर्करा मिळत असल्याने या गुणाला औद्योगिक मोल आहे. शर्कराविघटनाचा एकच सार्वत्रिक मार्ग असल्याची जुनी समजूतही या जीवांनी ढळविली आहे.